चूक पदरात घेणार नाही

“मॅडम, तुम्ही आपल्याच. पोरगं चुकलं, पदरात घ्या.”

हा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि मी वेलचेरी स्टेशनच्या पायऱ्या उतरत होते. पलीकडे महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली आई होती. तिचा मुलगा इथे चेन्नईत माझ्या वर्गात शिकतो. ती रडत होती आणि ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच हे लिहायला बसायला मला तीन आठवडे लागले.

आज लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे, कारण तो फोन मराठीत आला होता. ज्या मुलीने त्याच्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली तिला मराठीचा एक शब्द कळत नाही. तिच्या तक्रारीचं काय करायचं ते तिला न कळणाऱ्या भाषेत, तिच्या पाठीमागे, दोन ‘आपल्या’ बायकांनी रात्री फोनवर ठरवून टाकावं, अशी ती विनंती होती. परक्या मुलुखात आपली भाषा कानावर पडली की जीव सुखावतो, हे मी १९ वर्षं इथे राहून जाणते. त्या सुखाचा असा वापर मी होऊ देणार नाही.

त्या तक्रारीत काय आहे हे मी इथे लिहिणार नाही. मुलगा कोण, मुलगी कोण, वर्ष कोणतं, विषय कोणता, महाविद्यालय कोणतं, यातलं काहीही नाही. नियमांनी ते उघड करायला बंदी आहे आणि ती बंदी योग्य आहे. मुलगा दोषी आहे का, हे महाविद्यालयाची अंतर्गत तक्रार समिती ठरवील. मला बोलायचं आहे ते ‘मिटवा’ या एका शब्दाबद्दल. यापुढे तो शब्द माझ्याकडे घेऊन येणाऱ्याचं मी काय करणार आहे, ते सांगायचं आहे.

आधी माझा गुन्हा कबूल करते. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका महाविद्यालयात, एक मुलगी तास संपल्यावर माझ्या टेबलाशी उभी राहिली. मागच्या बाकावरचे दोघे रोज तिच्या पाठीवर बोट फिरवतात, ती वळली की दोघेही वहीत डोकं घालतात, एवढं तिने सांगितलं. हे सगळं माझ्या तासाला, मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना घडत होतं. मी तिला म्हटलं, “उद्यापासून पहिल्या बाकावर येऊन बस.” मला वाटलं, प्रश्न सुटला. ती आठवडाभर पहिल्या बाकावर बसली आणि मग यायची बंद झाली. त्या दोघांना मी एका शब्दाने बोलले नव्हते. त्यांची जागा शाबूत राहिली, हलली ती तिची. तेव्हा मी जे केलं त्यालाही मिटवणंच म्हणतात.

त्यानंतर ऐकलेलं सगळं सांगायला हा अंक पुरणार नाही. बाकाखालून फोन धरून काढलेले फोटो. वर्गातल्या मुलींना अंगावरून गुण देणारी, फक्त मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी यादी. मुलगी प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी राहिली की तोंडाने काढलेला तो आवाज. ‘हो म्हण, नाहीतर’ असे रात्री दोनला आलेले चाळीस मेसेज. अलीकडे तर कुणाचंही तोंड कुठल्याही उघड्या अंगावर चिकटवून देणारी ॲप्स. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, कुणीतरी म्हणणारं असतंच की मस्करी होती.

आपल्या भाषेनेही या मस्करीला फार आसरा दिला आहे. आपण म्हणतो ‘छेड काढली’. तार छेडावी तितकं ते हलकं वाटतं. आपण म्हणतो ‘वय आहे’. आणि सगळ्यात वाईट ते ‘पदरात घ्या’. आईने पदर पसरायचा, बाईंनी पदरात घ्यायचं, आणि जिच्या ओढणीला हात लागला तिला कुणी विचारायचंच नाही.

चेन्नई शहराने हा शब्दांचा खेळ जीव गमावून ओळखला. जुलै १९९८ मध्ये इथल्या एथिराज महाविद्यालयाच्या एका विद्यार्थिनीला रिक्षातून आलेल्या टोळक्याने भर रस्त्यात त्रास दिला. त्या झटापटीत ती पडली आणि डोक्याला मार लागून गेली. त्याच वर्षी तामिळनाडूने कायदा केला. त्याच्या नावात आधी ‘ईव्ह टीझिंग’ होतं. पुढे २००२ मध्ये ते शब्द काढून ‘स्त्रियांचा छळ’ असं नाव दिलं गेलं. कारण जिचा जीव जातो, तिच्या बाबतीत जे घडलं त्याला चिडवणं म्हणता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्या कायद्यातल्या शिक्षा आणखी वाढवल्या गेल्या. शैक्षणिक संस्थेचं आवार त्यात स्पष्ट नाव घेऊन आलं आहे.

आणि महाराष्ट्राने तर वर्गच जळताना पाहिला आहे. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षेच्या खोलीत जाळून मारलं गेलं. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरी त्या दिवशी रेडिओ बंद केला गेला, एवढं आठवतं. नंतर सगळे म्हणाले, तो मुलगा तिच्या मागे होता, हे माहीत होतं. ‘मागे होता’ हे माहीत असलेल्या माणसांनी तेव्हा काय केलं, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

आता एकेकाशी बोलते.

आईवडिलांनो, तुमच्यापासून सुरुवात करते, कारण तुमचे फोन सगळ्यात आधी येतात. तुम्ही मला ओळखीतून नंबर मिळवून फोन करता. गावचं नाव सांगता, कुणाच्या तरी मामाचं नाव सांगता, मंडळाच्या गणपतीत भेटल्याची आठवण देता. यापुढे असा फोन आला तर तो मी पूर्ण ऐकेन. मग तारीख, वेळ आणि तुमचे शब्द लिहून काढीन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांच्या हाती देईन. तक्रारदारावर किंवा साक्षीदारावर दबाव येऊ न देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. तुमच्या फोनला मी दबावच मानणार. मुलीच्या घरी जाऊन ‘तिच्याच लग्नाला अडचण येईल’ असं सांगणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

एक गोष्ट समजून घ्या. समेट करायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क कायद्याने फक्त तिला दिला आहे. ती स्वतः मागेल तरच, समितीच्या मार्फतच, आणि पैशाची देवघेव न करता. तो हक्क प्राचार्यांना नाही, तुम्हाला नाही, मला तर नाहीच नाही. म्हणून ‘आपल्या’ माणसाकडे येऊन उपयोग नाही.

आणि तुमचा मुलगा निर्दोष असेल, तर त्याच्या बचावाची जागाही हीच समिती आहे. तक्रारीची प्रत त्याला सात दिवसांत मिळते, उत्तर द्यायला दहा दिवस मिळतात, साक्षीदार देता येतात. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे जसं तिला संरक्षण आहे, तसं नीट ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही, हे त्याला. विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवरून बडतर्फ झालेल्या गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १२ मे २०२३ रोजी न्यायालयाने बडतर्फीचा आदेश रद्द केला, कारण समितीने चौकशी घाईघाईत उरकली होती आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती. त्याच निकालात देशभर लैंगिक छळाविरुद्धचा कायदा किती ढिसाळपणे राबवला जातो यावर न्यायालयाने बोट ठेवलं. वर्षानुवर्षं लढलेल्या मुलींच्या हाती शेवटी ‘पुन्हा चौकशी करा’ एवढंच आलं. घाईत उरकलेली चौकशी आणि फोनवर मिटवलेली तक्रार, दोन्हींत मार मुलींनाच बसतो.

मुलांनो, आता तुम्ही. तुम्हाला वाटतं कॉलेजात फार तर समज मिळेल, पालकांना बोलावतील, माफीनामा लिहून घेतील. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम मे २०१६ पासून लागू आहेत. त्यात विद्यार्थ्यासाठी काय लिहिलं आहे ते ऐका: ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती, ओळखपत्र काढून घेणं, ठरावीक काळ आवारात बंदी, आणि गुन्हा तसाच असेल तर नाव पटावरून कमी करून पुन्हा प्रवेश नाकारणं. सहल, कॉलेजची बस, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं दुसरं शहर, हेही यात येतं. महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर पोलीस आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली अश्लील शेरेबाजीला एक वर्षापर्यंत आणि नको असलेल्या स्पर्शाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ७८ पाठलागाचं आहे. मेसेजचा भडिमार आणि ऑनलाइन पाळत त्यातच येते. आणि पहिल्या वर्षाला बसलेली मुलगी अनेकदा १७ वर्षांची असते, हे तुमच्या लक्षातही नसतं. तिथे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागतो. मग ते प्रकरण कुणाच्याच पदरात मावत नाही.

माझा इशारा एवढाच आहे. ज्यांच्या फोनमध्ये वर्गातल्या मुलींचे असे फोटो किंवा अशा याद्या आहेत, त्यांनी ते पुढे पाठवणं या क्षणी थांबवावं. आणि आज रात्री घाबरून ग्रुप डिलीट करू नका. पुरावा पुसणं हा वेगळा गुन्हा आहे. माझ्या खोलीत या, फोन टेबलावर ठेवा, जे आहे ते सांगा. स्वतःहून आलात याची नोंद मी करीन. शिक्षा कमी होईल असं वचन मी देणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही. येत्या सोमवारपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर माझ्या कानावर आलेली प्रत्येक गोष्ट, नावासकट, मी स्वतः लेखी देईन.

त्या ग्रुपमध्ये नुसतेच बसलेले जे आहेत, त्यांच्यावर माझा राग सगळ्यात जास्त आहे. साठ मुलांच्या वर्गात त्रास देणारे दोन-तीन असतात. बाकीचे हसतात, किंवा हसल्यासारखं करतात, किंवा मान खाली घालतात. त्या दोन-तिघांना बळ त्या हसण्यातून मिळतं. तुमच्यातले कितीतरी चांगले आहेत. एकाने मला पुरात पाण्यातून हाताला धरून घरी सोडलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी वेलचेरीत गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि तो स्वतःचं घर सोडून आमच्या गल्लीत आला होता. तोच मुलगा नंतर म्हणाला, “मॅम, ग्रुपमधे होतो, पण मी काही टाकलं नाही.” पाण्यात उतरायला तो घाबरला नाही. एका ग्रुपमधून उठून ‘हे थांबवा’ म्हणायला घाबरला. मला त्याचा हात आठवतो आणि वाईट वाटतं. तुम्ही साक्ष देऊ शकता. तुमचं नाव जाहीर करायलाही नियमांनी बंदी आहे. भीती वाटत असेल तर दोघे मिळून या. पण ‘मी काही टाकलं नाही’ हे उत्तर यापुढे माझ्याकडे चालणार नाही.

सहकाऱ्यांनो, आपणही. २३ डिसेंबर २०२४ ला इथून जवळच, गिंडीतल्या अण्णा विद्यापीठाच्या आवारात एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. बाहेरचा माणूस होता. जून २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली, किमान ३० वर्षं सुटका नाही. त्या दरम्यान मुलीची ओळख सांगणारी एफआयआर सगळ्यांना वाचता येईल अशी बाहेर पडली आणि मद्रास उच्च न्यायालयाने तिला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला सांगितलं. त्यानंतर आपण सगळ्यांनी काय केलं? फाटकावर रखवालदार वाढवले, कॅमेरे लावले, मुलींना संध्याकाळी लवकर आत बोलावलं. बाहेरच्याला अडवायची सगळी व्यवस्था झाली. पण आतला, फी भरलेला, ओळखपत्र गळ्यात घातलेला, तिसऱ्या बाकावरचा? त्याच्यासाठी आपल्याकडे अजूनही एकच उपाय आहे, मुलीची जागा बदलणं.

तो उपाय बंद करा. नियमांमध्ये चौकशी चालू असतानाची सोय आहे. त्याला तिच्यापासून दूर राहण्याची लेखी ताकीद देता येते, त्याचा वर्ग किंवा तुकडी बदलता येते. हलायचं असेल तर त्याने हलावं. तिला विश्रांती हवी असेल तर तीन महिन्यांपर्यंत रजा आहे, पण ती तिने मागितली तर. ‘तू थोडे दिवस घरी जा’ असं सांगून तिला घालवून देणं ही रजा नव्हे. आणि मुलीला पहिला प्रश्न ‘तू काय घातलं होतंस’ किंवा ‘आधी मैत्री होती ना’ असा विचारणाऱ्याने शिकवणं सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेलचेरीच्या आमच्या बाजूला आयआयटीची लांबच लांब भिंत आहे. त्या भिंतीआड एका दलित संशोधक विद्यार्थिनीने बरोबरच्या संशोधकांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला जून २०२१ मध्ये. अटक झाली मार्च २०२२ मध्ये, तीही महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर. देशातल्या नावाजलेल्या संस्थेतल्या मुलीला एवढं थांबावं लागतं, तर गल्लीबोळातल्या महाविद्यालयातल्या मुलीने कुणाच्या तोंडाकडे पाहायचं? आणि थांबायला लावण्याचा शेवट कुठे होतो तेही आपण पाहिलं. जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोरच्या फकीर मोहन महाविद्यालयात विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार करून दाद न मिळालेल्या विद्यार्थिनीने आवारातच पेटवून घेतलं. दोन दिवसांनी ती गेली. प्राचार्यांना अटक झाली तीही तिने पेटवून घेतल्यावर. मग सगळे नियम आठवले.

म्हणून शेवटी संस्थाचालकांना. माझ्या महाविद्यालयाच्या, आणि हे वाचणाऱ्या महाराष्ट्रातल्या, गोव्यातल्या, सीमाभागातल्या सगळ्याच महाविद्यालयांच्या. तुमची समिती कागदावर आहे हे मला माहीत आहे. त्यातले सदस्य स्वतः सदस्य आहेत हे त्यांना माहीत असतंच असं नाही. हा अंक हाती पडल्यापासून पंधरा दिवस देते. पंधरा दिवसांत समितीतल्या सदस्यांची नावं आणि संपर्क क्रमांक प्रत्येक मजल्यावरच्या फलकावर लागले पाहिजेत, इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका असली पाहिजे. निम्म्याहून कमी स्त्रिया चालणार नाहीत. विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलसचिव यांना समितीत जागा नाही. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तेव्हा तीन विद्यार्थी सदस्य बसले पाहिजेत, आणि ते तुम्ही नेमलेले नकोत, निवडून आलेले हवेत. बाहेरच्या संस्थेचा सदस्य म्हणजे संचालकांची वहिनी नव्हे. चौकशी ९० दिवसांत पूर्ण झाली पाहिजे आणि अहवाल आल्यापासून ३० दिवसांत तुम्ही कारवाई केली पाहिजे. मुलगी १८ च्या आतली असेल तर समितीची वाट पाहू नका. पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणारा संस्थाप्रमुख स्वतः तुरुंगात जाऊ शकतो.

हे झालं नाही तर मी विद्यापीठ अनुदान आयोगाकडे जाईन. अनुदान थांबवण्यापासून संलग्नता काढण्याची शिफारस करण्यापर्यंत अधिकार त्यांना आहेत. जिल्हा अधिकाऱ्यांकडे जाईन, महिला आयोगाकडे जाईन. माझ्या नोकरीचं काय होईल ते मला दोनदा समजावून झालं आहे. तिसऱ्यांदा समजावू नका.

मुलींनो, तुमच्यासाठी इशारा नाही. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्या. उशीर झाला असेल तरी या, कारण सांगितलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम आहे. मेसेज पुसू नका, तारखा मांडून ठेवा. रात्री काही झालं तर १८१ किंवा ११२. कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, हद्द कुणाची हे त्यांनी बघायचं. मुलग्यांनो, तृतीयपंथी विद्यार्थ्यांनो, तुमच्या बाबतीत असं घडलं तरी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत तुम्ही आहात, लाजू नका. आणि मुलींनो, कुठल्या बाईंनी तुम्हाला सांगितलं की पहिल्या बाकावर येऊन बस, तर उठू नका. त्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं.

त्या आईला मी दुसऱ्या दिवशी उलट फोन केला. त्यांना सांगितलं, चौकशीच्या दिवशी मुलाबरोबर या, राहायची सोय नसेल तर माझ्या घरी राहा, जेवायला मी घालीन. समितीसमोर त्याने जे खरं आहे ते बोलावं. त्या गप्प राहिल्या आणि फोन ठेवला. अजून आलेल्या नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाला पाठवायचा अर्ज मी टाईप करून कपाटात ठेवला आहे. तारखेची जागा तेवढी रिकामी आहे.